हाक कुणाला?

परतवाड्याच्या जयस्तंभ चौकात उभं राहून कुणी नुसतं "ओ भाऊ!" म्हणून ओरडलं, तर निदान पंचवीस माणसं वळून पाहतात. त्यांतले दोन-चार तर "काय म्हनता भाऊ?" असं उत्तरही देतात. आमच्या वऱ्हाडात हे एकच नाव सर्वांना पुरतं. रिक्षावाला भाऊ, तलाठी भाऊ, उसने पैसे बुडवणारा भाऊ, आणि ज्याचे बुडाले तोही भाऊच. जमिनीवर हे खपून जातं. भलत्याच भाऊने वळून पाहिलं तर फार फार तर एक कप चहा जास्तीचा होतो. आकाशात मात्र असं चालत नाही. तिथे भलत्या भाऊने वळून पाहिलं तर दोन्ही भाऊ एकमेकांवर आदळतात.

म्हणून प्रत्येक विमानाला हाकेचं एक स्वतंत्र नाव असतं. त्याला कॉल साइन म्हणतात. खाली बसलेला नियंत्रक रेडिओवरून त्या नावाने हाक मारतो आणि तेवढं एकच विमान 'ओ' देतं. मी बँकेत कारकून आहे. विमानाशी माझा संबंध मान वर करून बघण्यापुरता. पण ज्या विषयात आपल्याला काही करायचं नसतं, त्या विषयावर विचार करायला आपल्याकडे भरपूर वेळ असतो, हा माझा अनुभव आहे. त्यातून आता आमच्या अमरावतीला बेलोऱ्याचा विमानतळ झाला. १६ एप्रिल २०२५ रोजी त्याचं उद्घाटन झालं आणि अलायन्स एअरचं विमान मुंबईहून थेट वऱ्हाडात उतरलं. या कंपनीचं आकाशातलं नाव 'अलाइड'. विमानात कापसाचा व्यापारी बसो, संत्र्याचा बागाईतदार बसो, की दोघांना कर्ज देऊन बसलेला बँकेचा मॅनेजर बसो. हाक येणार ती 'अलाइड' आणि पुढे आकडा.

ही नावं वाटण्याची रीत तशी साधी आहे. प्रवासी कंपनीला एक हाकेचं नाव आंतरराष्ट्रीय दप्तरात नोंदवून मिळतं आणि त्यापुढे त्या उड्डाणाचा क्रमांक लागतो. पाटीवरचं नाव आणि हाकेचं नाव एकच असलं पाहिजे असंही नाही. इंडिगोला आकाशात 'आयफ्लाय' म्हणतात आणि ब्रिटिश एअरवेजला 'स्पीडबर्ड'. शाळेच्या दाखल्यावर चंद्रशेखर आणि घरात बंड्या, त्यातलाच प्रकार. ज्याच्यामागे कंपनी नाही, त्या विमानाने अंगावर रंगवलेली नोंदणीची अक्षरं सांगायची. आपल्याकडच्या विमानांची अक्षरं 'व्हीटी'ने सुरू होतात. ती इंग्रजांच्या अमदानीत आपल्या वाट्याला आली आणि इंग्रज गेले तरी राहिली. शिवाय रेडिओच्या खरखरीत 'बी' आणि 'डी' सारखेच ऐकू येतात, म्हणून 'ए'ला अल्फा, 'एम'ला माइक आणि 'एस'ला सिएरा म्हणायची पद्धत आहे. आमच्या शाखेत फोनवर खातेदाराचं नाव सांगताना "एस... अहो, संत्र्यातला एस!" असं ओरडावं लागतं, तेव्हा आम्हीही नागरी विमान वाहतुकीचेच नियम पाळत असतो. फक्त भत्ता मिळत नाही.

आता प्रश्न येतो तो राष्ट्रप्रमुखांचा. त्यांच्या विमानाला काय म्हणायचं?

माझी समजूत अशी होती, की हा सगळा मानपानाचा मामला असणार. राजाची स्वारी निघाली की पुढे ललकारी. तीच ललकारी आता रेडिओवरून द्यायची. पण या गोष्टीचा उगम शोधायला गेलो तर त्यात मान नव्हताच, भीती होती. हकिकत १९५३ सालची. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर आपल्या 'कोलंबाइन' नावाच्या विमानातून चालले होते. कोलंबाइन हे कोलोरॅडो राज्याचं फूल; नाव अध्यक्षीणबाईंच्या आवडीचं. पण फुलाचं नाव रेडिओवर चालत नाही. तिथे त्या विमानाचं नाव होतं 'एअर फोर्स ८६१०'. नेमकं त्याच सुमाराला, त्याच आभाळात, ईस्टर्न एअरलाइन्सचं एक साधं प्रवासी विमान होतं आणि त्याचाही क्रमांक ८६१० होता. एका क्रमांकाला हाक गेली की दोघांचे कान टवकारायचे. सुदैवाने काही अघटित घडलं नाही. पण त्या दिवसानंतर ठरलं, की अध्यक्ष ज्यात बसले असतील त्या विमानाला असं नाव द्यायचं, जे त्या वेळी दुसऱ्या कुणाचंच असू शकणार नाही. ते नाव म्हणजे 'एअर फोर्स वन'.

बँकेत काम करणाऱ्याला यात काही नवल वाटत नाही. आमच्याकडे एकाच गावचे, एकाच नावाचे आणि बापाचंही नाव एकच असलेले तीन खातेदार आहेत. एकाचं पीककर्ज दुसऱ्याच्या पासबुकात उमटणं म्हणजे काय असतं, हे ज्याने पाहिलंय त्याला आयझेनहॉवरसाहेबांच्या वैमानिकाबद्दल आपुलकीच वाटेल. शेवटी आमच्या हेडकॅशियरने तिघांना हाकेची नावं ठेवली: चक्कीवाले, चिंचेजवळचे आणि मुंबईला पोरगा असलेले. खातं क्रमांक विसरता येतो. चिंच विसरता येत नाही. चिंचेजवळच्या गृहस्थांना पुढे पुढे त्या नावाचा अभिमान वाटू लागला. कुणी नुसतं नाव घेऊन हाक मारली तर ते "कोनता?" असं ठसक्यात विचारीत. घोटाळा टाळायला ठेवलेल्या नावाची पदवी व्हायला वेळ लागत नाही, एवढंच मला यातून सांगायचं आहे. एअर फोर्स वनचंही तेच झालं. साठ सालानंतर ते नाव वर्तमानपत्रांत गेलं, मग सिनेमात गेलं, आणि आता ते कानांवर पडलं की माणसं उगाच ताठ बसतात.

पण या नावातली खरी गंमत वेगळीच आहे. ते विमानाचं नाव नाही! अध्यक्ष अमेरिकी हवाई दलाच्या कुठल्याही विमानात चढले की ते एअर फोर्स वन. ते उतरले आणि तेच विमान धुवायला नेलं, की एअर फोर्स वन नाही. नौदलाच्या विमानात बसले तर 'नेव्ही वन'. मे २००३ मध्ये धाकटे बुश असे एका विमानवाहू जहाजावर उतरले होते. मरीन दलाच्या हेलिकॉप्टरात बसले तर 'मरीन वन'. आणि साध्या नागरी विमानात बसले तर 'एक्झिक्युटिव्ह वन'. हेही एकदा घडलं आहे. २६ डिसेंबर १९७३ रोजी अध्यक्ष निक्सन चक्क तिकीट काढून युनायटेड एअरलाइन्सच्या नेहमीच्या विमानाने वॉशिंग्टनहून लॉस एंजल्सला गेले. शेजारच्या प्रवाशांना त्या दिवशी आपण एक्झिक्युटिव्ह वनमध्ये बसलोय याची कल्पना असेलच असं नाही. आपल्या एस.टी.त कधी पालकमंत्री चढले तर तिला काय म्हणायचं हा नियम अजून झालेला नाही. होण्याची निकड नाही.

थोडक्यात, पालखीसारखं आहे. देव आत बसला की लोक पालखीखालून वाकून जातात. देव देवळात आणि पालखी अडगळीच्या खोलीत, तेव्हा तिच्यावर पुजाऱ्याची पोरं धोतर वाळत घालतात. लाकूड तेच.

नियम करणाऱ्यांनी घरच्या मंडळींचाही विचार केलाय. अध्यक्ष स्वतः नसतील आणि नुसतं कुटुंब चाललं असेल, तर त्या विमानाला 'एक्झिक्युटिव्ह वन फॉक्सट्रॉट' असं शेपूट लावून म्हणता येतं. फॉक्सट्रॉट म्हणजे 'एफ'. एफ म्हणजे फॅमिली. हे वाचून मला फार बरं वाटलं. कारण आमच्याकडे राखीव जागेवर बाई सरपंच होते आणि दुसऱ्या दिवसापासून तिचा नवरा सरपंचाच्या खुर्चीत बसून "बोला!" म्हणतो. त्याला लोकही बिनदिक्कत 'सरपंच साहेब' म्हणतात, वर्तमानपत्रं 'सरपंचपती' म्हणतात. 'सरपंच फॉक्सट्रॉट' असा सुटसुटीत शब्द असता तर कोण कुठे बसलंय हे खालच्या माणसाला तरी नीट कळलं असतं.

आता आपल्याकडचं सांगतो. राष्ट्रपती किंवा पंतप्रधान परदेशी निघाले, की एअर इंडियाच्या विमानाला 'एअर इंडिया वन' म्हणायचे. आमच्या अमरावतीच्या सूनबाई प्रतिभाताई पाटील २५ जुलै २००७ रोजी राष्ट्रपती झाल्या तेव्हा या नावाशी आमचं जिव्हाळ्याचं नातं जडलं. त्या १९९१ साली अमरावतीतूनच लोकसभेवर गेलेल्या. तेव्हा "एअर इंडिया वन परदेशी रवाना" अशी बातमी आली, की परतवाड्यातल्या चहाच्या टपरीवर "आपली बाई चालली" असं भाषांतर होत असे. २५ नोव्हेंबर २००९ रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्या पुण्याच्या लोहगावहून सुखोई लढाऊ विमानात बसल्या, तेव्हा आमच्या आजूबाजूच्या यच्चयावत म्हाताऱ्यांच्या गुडघेदुखीला त्या दिवशी घरात कुणी दाद दिली नाही.

देशातल्या देशात फिरायला हवाई दलाची बोइंग विमानं आली, त्यांना मात्र नावं देताना कुणीतरी रसिकपणा दाखवला: राजदूत, राजहंस, राजकमल. त्यातलं राजदूत मला जरा जड जातं. आमच्याकडे राजदूत म्हटलं की दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेली मोटरसायकल डोळ्यांपुढे येते, आणि तिच्यावर राष्ट्रपती काही केल्या बसत नाहीत.

पुढे २०२० साली या कामासाठी दोन नवी मोठी विमानं आली; ती हवाई दल चालवतं. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया कंपनी टाटांकडे गेली. म्हणजे कंपनी सरकारची नाही, विमान कंपनीचं नाही, आणि वर्तमानपत्रं अजून 'एअर इंडिया वन'च म्हणतात. नाव एकदा जिभेवर बसलं की खालून मालक बदलले तरी ते उठत नाही. आमची शकुंतला रेल्वे घ्या. मूर्तिजापूरहून अचलपूरला येणारी ही नॅरो गेज गाडी लोकांच्या तोंडी शकुंतलाच होती. कंपनीचं लांबलचक इंग्रजी नाव कुणाला पाठ होतं? गाडी बंद पडली, नाव चालूच आहे.

या शकुंतलेच्या मागे असलेल्या मूळ कंपनीचं नाव किलिक-निक्सन. म्हणजे निक्सन हे नाव अमेरिकेच्या कितीतरी आधी आमच्या कानांवरून गेलेलं आहे. आणि माझ्या मनात घर करून बसलेली गोष्ट निक्सनसाहेबांचीच आहे. आपले घरचे निक्सन वेगळे, हे वेगळे.

वॉटरगेटचं प्रकरण गळ्याशी आल्यावर निक्सन यांनी ८ ऑगस्ट १९७४ च्या रात्री राजीनामा जाहीर केला. तो लागू कधीपासून? तर दुसऱ्या दिवशी दुपारी बारापासून. आमच्याकडे बदलीच्या हुकमावर 'कार्यालयीन वेळेनंतर' असं लिहितात तसं. ९ तारखेला सकाळी ते एअर फोर्स वनमध्ये बसून कॅलिफोर्नियाला, आपल्या घरी निघाले. विमान मिझुरी राज्यावर, जेफरसन सिटीच्या आसपास असताना घड्याळात बारा वाजले. तिकडे वॉशिंग्टनमध्ये जेरल्ड फोर्ड यांनी शपथ घेतली. आणि इकडे आभाळात वैमानिक कर्नल राल्फ अल्बर्टाझी यांनी कॅन्सस सिटीच्या नियंत्रकाला कळवलं, की हे विमान आतापर्यंत एअर फोर्स वन होतं. यापुढे आम्हाला 'सिएरा अल्फा माइक २७०००' म्हणावं.

मराठीत 'बारा वाजले' या शब्दप्रयोगाला याहून चोख उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

विचार करा. इंजिनं तीच, इंधन तेच, उंची तीच. आत बसलेला माणूस तोच. त्याच्या हातातली चहा-कॉफी, काय असेल ती, तीसुद्धा तीच. अकरा एकोणसाठला तो जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाचा अध्यक्ष होता आणि बारा वाजून काही मिनिटांनी तो कॅलिफोर्नियाला चाललेला एक प्रवासी. मग आधी आपण सलाम ठोकत होतो तो कुणाला? माणसाला म्हणावं तर माणूस अजून तिथेच बसलाय. खुर्चीला म्हणावं तर खुर्ची शेकडो मैल मागे राहून बराच वेळ झाला होता, तरी बारापर्यंत सलाम चालूच होता!

या प्रश्नावर मोठमोठ्या तत्त्वज्ञांनी काय लिहिलंय ते मला ठाऊक नाही, मी बी.कॉम. आहे. माझ्यापुरतं उत्तर मी बँकेतल्या खात्यांवरून काढलं. बँकेत खाती दोन जातीची असतात. एक माणसाचं स्वतःचं. दुसरं पदाचं: 'अध्यक्ष, अमुक गणेशोत्सव मंडळ', 'मुख्याध्यापक, तमुक शाळा', 'सरपंच व ग्रामसेवक, ग्रामपंचायत'. दुसऱ्या खात्यातले पैसे सही करणाऱ्याचे नसतात. सही मात्र त्याचीच लागते. मानाचंही तसंच असावं. लोक मान जमा करतात तो पदाच्या खात्यात. सही करणारा रोज पासबुक बघतो, शिल्लक भरभक्कम दिसते, आणि हळूहळू त्याला वाटायला लागतं की हे सगळं आपल्या घरच्या खात्यात आहे. बारा वाजता पदाचं पासबुक टेबलावर ठेवावं लागतं, तेव्हा कळतं की घरच्या खात्यात किमान शिल्लकसुद्धा नाही.

हे टाळायला माणसं नाना युक्त्या करतात. अमेरिकेत २० जानेवारी २०२१ रोजी ट्रम्प यांची पहिली कारकीर्द दुपारी बाराला संपायची होती. ते सकाळी नऊच्या सुमारास निघाले आणि बाराच्या पुष्कळ आधी फ्लोरिडात उतरले. आभाळात बारा वाजू द्यायचेच नाहीत! आपल्याकडे त्यापेक्षा सोपी युक्ती आहे. तिचं नाव 'माजी'. मोटारीच्या काचेवर 'माजी जि. प. सदस्य', लग्नपत्रिकेत 'माजी सभापती', बंगल्याच्या फाटकावर 'निवृत्त उपअभियंता'. १ मे २०१७ पासून सरकारी गाड्यांवरचे लाल दिवे गेले तेव्हा कित्येकांच्या तोंडावरचा उजेड गेला. आमच्या शाखेतले एक मॅनेजर ३१ तारखेला संध्याकाळी निवृत्त झाले. शाल झाली, श्रीफळ झालं, गहिवरून भाषणं झाली. संगणकाने मात्र भाषण ऐकलं नव्हतं. सहा वाजता त्यांचा युजर आयडी बंद पडला. दुसऱ्या दिवशी ते सवयीने सरळ केबिनमध्ये शिरले आणि आत नवीन साहेब बसलेले पाहून म्हणाले, "बसा, बसा. मी सहज आलो होतो." बसलेल्या माणसाला बसा म्हणण्याचा अधिकार मात्र त्यांच्याकडून कुणी काढून घेऊ शकलं नाही.

आता इथपर्यंत सगळं नियमाप्रमाणे आहे, आणि नियम बरोबरच आहे असं माझं ठाम मत आहे. बारा वाजता नाव बदललंच पाहिजे. एका वेळी आभाळात दोन अध्यक्ष झाले, तर पुन्हा ८६१० ची गत. गेलेल्या माणसाची दया येऊन नाव दोन तास जास्त ठेवलं तर तो दयाळूपणा नव्हे, तो घोटाळा.

पण त्या गोष्टीचं एक शेपूट आहे. कॅन्सस सिटीच्या त्या नियंत्रकाने नाव बदलल्याची पोच दिली. बरोबर, अक्षर न् अक्षर, 'सिएरा अल्फा माइक २७०००'. आणि वर म्हणाला, की अध्यक्षांना शुभेच्छा कळवा. आता बघा! एकाच वाक्यात तो माणूस नियम पाळतो आणि मोडतो. नावाच्या जागी नाव बदललं; माणसाला मात्र अजून अध्यक्ष म्हटलं. निक्सन सद्गुणाचा पुतळा होते असं त्याला वाटत होतं की नाही, कोण जाणे. घरी परत चाललेला माणूस आपल्या डोक्यावरून जातोय, एवढं त्याला पुरलं असावं.

आपल्या लोकांना हे नवीन नाही. गणपतीची उत्तरपूजा झाली, अक्षता पडल्या, मूर्ती जागेवरून तसूभर हलवली, की शास्त्राप्रमाणे देव गेला, उरली माती. म्हणून काही आपण मूर्ती पिशवीत घालून नेत नाही. हातावर दही ठेवतो, डोक्यावर घेतो, आणि वाजतगाजत सापन नदीवर जातो. ज्याच्यातून देव गेलाय हे नक्की माहीत आहे, त्यालाच "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणतो. अमेरिकेतही हे जरा उशिरा का होईना सुचलंय. डिसेंबर २०१८ मध्ये थोरल्या बुश यांचं पार्थिव नेणाऱ्या विमानाला 'स्पेशल एअर मिशन ४१' असं नाव दिलं, कारण ते एकेचाळिसावे अध्यक्ष. जानेवारी २०२५ मध्ये कार्टर यांच्यासाठी '३९'. 'वन' त्यांच्याकडून कधीच गेलं होतं, पण रांगेतला आपला नंबर त्यांना परत मिळाला.

काउंटरच्या अलीकडे बसणाऱ्याला हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मेळघाटच्या पायथ्याच्या एका गावची ग्रामपंचायत आमची खातेदार. तिथल्या सरपंचबाईंवर अविश्वास ठराव आला आणि तो मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला विरोधी गटाचे चार जण दोन मोटरसायकलींवरून पत्र घेऊन हजर. अविश्वासाच्या बाबतीत आमच्या भागात टपाल खात्यावर विश्वास ठेवत नाहीत. साहेबांनी पत्रावर शिक्का मारून घेतलं.

आणि साडेबाराला बाई स्वतः आल्या. बरोबर हापशी दुरुस्त करणारा मिस्त्री. एरवी त्यांच्या पुढे चालणारे सरपंचपती त्या दिवशी दिसत नव्हते. बाईंनी चेक माझ्यापुढे सरकवला. अठराशे रुपये, मिस्त्रीच्या नावाने. तारीख आदल्या दिवशीची, म्हणजे ठरावाच्या सभेआधी सकाळी सही केलेला. ग्रामसेवकाचीही सही होती. नमुन्याशी ताडून पाहिली तर बाईंची सही तंतोतंत. वेलांटीचा फाटासुद्धा जागच्या जागी. आमच्या संगणकात अजून त्याच सरपंच होत्या. टेबलावरच्या पत्रात नव्हत्या.

मी चेक साहेबांकडे नेला. साहेब चांगले होते, पण साहेब होते. म्हणाले, "पत्र आलंय. उपसरपंचांच्या सहीचा नवीन चेक आणायला सांगा."

मी सांगितलं. बाई थोडा वेळ चेककडे पाहत राहिल्या. मग मिस्त्रीकडे वळून म्हणाल्या, "सही माहीच हाय बाप्पा. मीच नाही राह्यली."

मिस्त्री बिचारा पायाकडे बघू लागला. त्याने चार दिवसांपूर्वी हापशी चालू केली होती. गाव पाणी पीत होतं. पाण्याला ठराव समजत नाही.

बाईंनी कनवटीची पिशवी सोडली, त्यातून आपलं स्वतःचं पासबुक काढलं आणि म्हणाल्या, "यातून निंघते का?" मी स्लिप दिली. त्यांनी त्याच पेनाने, त्याच काउंटरवर, तीच सही केली. वेलांटीच्या फाट्यासकट. दोन मिनिटांत पैसे बाहेर. त्यांनी ते तिथेच मिस्त्रीच्या हातात मोजून दिले आणि रद्द झालेला चेक घडी घालून पासबुकात ठेवला. ते अठराशे पंचायतीने त्यांना पुढे दिले की नाही, ते पंचायतीचं दप्तर जाणे. आमच्याकडे त्यांच्या खात्यात ते कधी जमा झाले नाहीत, एवढं मी सांगू शकतो; कारण त्यांचं पासबुक भरायला पुढची पाच वर्षं मीच होतो.

त्या दारापर्यंत गेल्या असतील, तेवढ्यात आमचा शिपाई बाकावरून उठला आणि ओरडला, "ओ सरपंचबाई! छत्री राह्यली ना तुमची!"

बाई वळल्या. परत येऊन छत्री घेतली, त्याला "बरं हाय ना घरी?" असं विचारलं आणि गेल्या.

मला राहवलं नाही. मी त्याला हळूच म्हटलं, "अरे, त्या सरपंच नाहीत आता. सकाळीच पत्र आलंय."

"थे तुमच्या कॉम्प्युटरात, साहेब," तो म्हणाला, आणि चहा आणायला निघून गेला.